नाशिकमध्ये मापाचा सूट शिवून देणारे जुने शिंपी उरले आहेत का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मार्गशीर्षात माझ्या धाकट्या मुलीचे लग्न नाशिकमध्येच, गंगापूर रोडवरच्या एका लॉनवर आहे, आणि त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या स्वागताला उभे राहताना अंगावर शिवून घेतलेला सूट असावा, अशी माझी इच्छा आहे. घरच्यांच्या आग्रहाखातर काही मोठ्या दालनांत तयार सूट घालून पाहिले. खांद्याला बसणारा कोट पोटावर मिटत नव्हता आणि पोटावर मिटणारा कोट खांद्यावरून ओघळत होता. विक्रेता मुलगा मात्र दोन्ही वेळी 'सर, सध्या हीच फॅशन आहे' असे तितक्याच विश्वासाने सांगत होता.

माझ्या पिढीतील नाशिककरांना मेन रोड, रविवार कारंजा आणि शालिमारच्या परिसरातील शिंप्यांची दुकाने आठवत असतील. दिवाळीचा बोनस हाती आला की नाशिक रोडच्या प्रेसमधील, ओझरच्या विमान कारखान्यातील आणि सातपूरच्या कंपन्यांतील माणसे कापड घेऊन तेथे गर्दी करीत. मास्तर गळ्यातला टेप काढून माप सांगत, पोऱ्या ते वहीत उतरवून घेई आणि पावतीला कापडाचा एक छोटा तुकडा टाचून मिळे. ग्राहकाचा एक खांदा उतरता आहे किंवा पाठीला बाक आला आहे, हे मास्तर तोंडाने कधी बोलत नसत. पोऱ्याच्या हातातली वही घेऊन ते स्वतः त्यात एक खूण करीत, आणि त्या खुणेचा अर्थ दुकानाबाहेर जात नसे. साधा कारकून किंवा शाळामास्तर असला, तरी चारचौघांत जाताना त्याच्या पँटची इस्त्री मोडलेली नसे आणि तिची मोहरी बुटावर जेथे टेकायला हवी तेथेच टेकलेली असे. आज ऐपत कितीतरी वाढली आहे, तरीही लग्नसमारंभात नवरदेव सोडला तर नीट बेतलेला कपडा अंगावर असलेला माणूस क्वचितच दिसतो, हे मला खटकते.

कच्च्या शिलाईवर ट्रायल देऊन कोट शिवणारे कारागीर नाशिकमध्ये अजून काम करीत आहेत का, आणि चांगला शिंपी ओळखायचा कसा? कापड कोणते घ्यावे? हा व्यवसाय इतका का आटला, यावर जाणकारांचे मत समजले तर तेही वाचायला आवडेल. दुकानांची नावे येथे जाहीरपणे देऊ नयेत असा नियम असल्यास निरोपातून कळवावे.

जुनी_पेढी

आपल्या कन्येच्या विवाहासाठी शुभेच्छा. आमच्या घरी कापडाचा व्यवसाय होता आणि माझी उमेदीची सगळी वर्षे गादीवर बसून कापड फाडण्यात गेली, तेव्हा शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

शिंप्याचा धंदा हौसेवर चालत होता, हा एक गोड गैरसमज आहे. तो प्रामुख्याने आहेरावर चालत होता. लग्नाच्या यादीत नवरदेवाचा सूट, शिलाईसह, असे स्वतंत्र कलम असे आणि त्यावरून व्याही मंडळींत रुसवेफुगवेही होत. त्याखेरीज मामा, काका, आत्याचे यजमान, थोरले जावई अशा प्रत्येकाला पँटपीस आणि शर्टपीस द्यावा लागे. एका लग्नातून निघालेले हे सगळे तुकडे पुढे कोणत्या ना कोणत्या शिंप्याच्या फळीवर जाऊन पडत. नंतर लोक ते न शिवताच पुढच्या आहेरात फिरवू लागले. एकाच पँटपीसने चार घरे पाहून पुन्हा मूळ घरी परतल्याची उदाहरणे मी गादीवर बसून ऐकली आहेत. आणि पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ छापली जाऊ लागली, तेव्हा उरलासुरला ओघही थांबला. ही प्रथा गेली हे समाजाच्या दृष्टीने चांगलेच झाले, असे माझे मत आहे, पण तिच्याबरोबर शिंप्याचे बारमाही उत्पन्न गेले आणि हाती फक्त लग्नसराईची धावपळ उरली.

सुटासाठी आमच्याकडे लोक ठाण्याची रेमंड, जामनगरची दिग्जाम किंवा बडोद्याची दिनेश असे गिरणीचे नाव घेऊन कापड मागत. टेरीवूल हा मध्यमवर्गाचा मोठा आधार होता, कारण त्यात लोकरीचा डौल येई आणि पॉलिएस्टरमुळे इस्त्री टिकत असे. शिवाय एकदा शिवलेला सूट पुढे धाकट्या भावाच्या लग्नातही उभा राही.

आता आपल्या कापडाविषयी. सुटाचे कापड साधारण 58 ते 60 इंच पन्ह्याचे येते आणि दोन कपड्यांच्या सुटाला सव्वातीन मीटर पुरते. अंगाने भारदस्त असाल किंवा चौकडीचे कापड घेणार असाल, तर शिंप्याला विचारून थोडे अधिक घ्यावे, कारण चौकडी शिवणीवर जुळवताना कापड वाया जाते. मार्गशीर्षातील नाशिकच्या उघड्या लॉनवर रात्री चांगलाच गारठा असतो, त्यामुळे पूर्ण पन्ह्याच्या एक मीटर लांबीला 260 ते 280 ग्रॅम वजनाचे वर्स्टेड (पिळदार, गुळगुळीत सुताचे) लोकरीचे कापड योग्य ठरेल. हल्ली काठावर 'सुपर 100', 'सुपर 120' असे आकडे छापलेले दिसतात. तो लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा निर्देश आहे. 'सुपर 100' म्हणजे तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन आणि 'सुपर 120' म्हणजे 17.75 मायक्रॉन. आकडा जितका मोठा तितके कापड मऊ आणि तितकेच नाजूक, म्हणून 'सुपर 150' च्या मोहात पडू नये. आपल्याला शंभर किंवा एकशेदहा पुष्कळ झाले. निव्वळ पॉलिएस्टरवर असा आकडा छापलेला दिसला, तर त्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडावे.

काज_बटण

माझे वडील कोटाचे कारागीर होते. दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव कधीच नव्हते. पुष्कळ वाचकांना हे माहीत नसते की माप घेणारा आणि कापड बेतणारा मास्तर वेगळा असतो, आणि कोटाचा, पँटचा व शर्टाचा कारागीर असे आणखी तिघे असतात, ज्यांना नगावर मजुरी मिळते. या सगळ्यांत कोटाचा कारागीर तयार व्हायला सर्वांत जास्त वर्षे लागतात आणि त्याला काम मात्र मोजके महिनेच मिळते. माझ्या वडिलांनी मला मशीनवर बसू दिले नाही, यातच आपल्या 'का आटला' या प्रश्नाचे उत्तर आले. आज आयटीआयमध्ये शिवणकामाचा वर्षभराचा अभ्यासक्रम असतो आणि तो उपयुक्तही आहे, परंतु वर्षभरात कोटाची कॉलर मानेवर बसवता येत नाही.

दालनात आपला जो अनुभव झाला, त्यामागे एक हिशेब आहे. तयार सुटाचा आकार छातीवरून ठरतो आणि पँटची कंबर त्याहून सहा इंच कमी धरलेली असते, म्हणजे 42 छातीच्या सुटाबरोबर 36 कंबरेची पँट येते आणि कोटाचे पोटही त्याच प्रमाणात बेतलेले असते. साठीच्या आसपासच्या माणसाची छाती 42 आणि पोट 41 असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. असा माणूस त्या कोष्टकात कोठेच बसत नाही. पोटासाठी मोठा आकार घ्यावा तर खांदे बाहेर येतात. खांदा दुरुस्त करणे म्हणजे बाही उसवून निम्मा कोट पुन्हा शिवणे, आणि ते कोणी मनापासून करीत नाही.

कोटाचा खरा कस बाहेरच्या कापडात नसतो. पुढच्या पल्ल्याच्या आत, कापड आणि अस्तर यांच्या मध्ये, एक थर असतो. चांगल्या कामात तो कॅनव्हासचा असतो. वडील तो आधी पाण्यात भिजवून वाळवून घेत, जेणेकरून पुढे आटायचे ते आधीच आटून जावे, आणि मग लॅपलच्या, म्हणजे छातीवर बाहेर वळणाऱ्या पट्टीच्या, आत हाताने शेकडो बारीक टाके घालून त्याला वळण देत. टाका घालताना लॅपल बोटावर गुंडाळलेलीच धरायची, म्हणजे ती आपोआप बाहेरच्या बाजूला वळून पडते. स्वस्त आणि झटपट कामात कॅनव्हासच्या जागी चिकट पदार्थ लावलेले कापड गरम दाबाने चिकटवतात, त्याला फ्युजिंग म्हणतात. फ्युजिंग म्हणजे फसवणूक नव्हे, पण ते हलक्या प्रतीचे असेल तर काही ड्राय-क्लीननंतर छातीवर फुगे येतात आणि त्यावर इलाज नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे. खालच्या काजाजवळचे कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलके चोळावे. बाहेरचे कापड आणि आतला पदर यांच्या मध्ये एक तिसरा थर सुटा सरकताना जाणवला, तर कॅनव्हास आहे असे समजावे. शिंप्याकडे आधी तयार होऊन टांगलेला एखादा कोट असेल, तर परवानगी घेऊन त्यावरच ही परीक्षा करावी. त्याला राग आला नाही, तर दुकान चांगले आहे.

कच्च्या ट्रायलबद्दल आपण विचारले आहे. होय, नाशिकमध्ये आजही ती करणारे थोडे लोक आहेत, नावे निरोपातून कळवतो. पांढऱ्या धावदोऱ्यावर जोडलेला कोट अंगावर चढवतात तेव्हा त्याला खिसे नसतात, अस्तर नसते, पुष्कळदा एकच बाही टाचलेली असते. तो पाहून घरची मंडळी हसतात, पण पुढचे सगळे त्याच पंधरा मिनिटांत ठरते. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागे चिकटून बसली आहे की मध्ये फट आहे, एवढे आपण आरशात पाहावे. बाकीचे मास्तरवर सोपवावे. आणि 'माया', म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, 'भरपूर ठेवा' हे सांगायला विसरू नये: पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया असली, तर पाच वर्षांनंतरही कंबर सोडता येते. तयार पँटमध्ये ती दोन सूतही मिळत नाही.

सातपूर_ब्लॉक

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरीही थोडा विरोधी सूर लावतो. जुन्या शिंप्यांच्या आठवणी काढताना त्यांचे वायदे आपण का विसरतो, हे मला कळत नाही. माझ्या मुंजीपासून माझ्या लग्नापर्यंत एकही कपडा ठरलेल्या दिवशी मिळाला, असे मला आठवत नाही. 'फक्त काज-बटण राहिले आहे' हे वाक्य ऐकून परतलो आणि दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा कापडाला कात्रीदेखील लागलेली नव्हती. एका शिंप्याने चांगल्या कापडाचा कोट काखेत इतका घट्ट शिवला की हात वर केला तर अख्खा कोट वर येई. तक्रार केली तेव्हा 'तुम्हीच श्वास रोखून माप दिले' असे उत्तर मिळाले. उरलेले कापड परत मागणे हा तर अपमान समजला जात असे. तयार कपड्याने शिंप्याला हरवले ते केवळ किमतीवर नव्हे. आरशासमोर उभे राहून, घालून पाहून, नापसंत असेल तर तसेच ठेवून निघून येण्याची मोकळीक ग्राहकाला प्रथमच मिळाली.

दुसरा पर्याय म्हणून मोठ्या कंपन्यांच्या दालनांतील 'मेड टू मेजर' सेवेचाही विचार करावा. त्यात कंपनीचा ठरलेला साचा आपल्या मापांनुसार फिरवून कारखान्यात सूट शिवतात. आपल्यासाठी शून्यापासून बेतलेला कोट तो नसतो, परंतु पोटाचा प्रश्न त्यात सुटतो आणि तारीखही बहुधा पाळली जाते.

आणि एक शंका. सुबक कपड्यांचा तो काळ नेमका कोणाचा होता? माझे आजोबा निफाड तालुक्यातील शेतकरी. त्यांना धोतर, सदरा आणि टोपी याखेरीज चौथा कपडा माहीत नव्हता. मेन रोडच्या मास्तरांच्या वहीत आमच्या घरातील कोणाचे माप असण्याची शक्यता नाही.

निळी_पहाट

सातपूर_ब्लॉक यांची शेवटची शंका रास्त आहे, तिला आमच्या घरातून उत्तर देतो. आमच्याकडे सुटाकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती, आणि ती नाशिकच्या इतिहासातून आलेली आहे. याच शहरात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि याच जिल्ह्यातील येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. कोणी काय ल्यावे आणि कसे नेसावे, हे जातीने ठरवून दिलेले होते. म्हणूनच 1927 च्या महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना, जिच्यावरून जात ओळखू येते ती लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची रीत सोडायला सांगितले होते. त्यांचा स्वतःचा सूट आम्ही घराघरातील तसबिरीत पाहत मोठे झालो. एखाद्या विलायती पदवीधराची हौस म्हणून त्याच्याकडे आम्ही कधी पाहिले नाही.

माझे वडील नाशिक रोडला चतुर्थ श्रेणी कर्मचारी होते. नोकरी लागल्यावर त्यांनी बँकेत खाते उघडण्याआधी सूट शिवला, हप्त्याने. तो चौदा एप्रिलला, वस्तीतील लग्नांना आणि माझ्या शाळेच्या पालकसभेला बाहेर निघे. माप घेताना मास्तर त्यांना 'साहेब, हात जरा सैल सोडा' असे म्हणाले होते, आणि आयुष्यात कोणी आपल्याला साहेब म्हणण्याची ती पहिली वेळ होती, असे ते सांगत. त्यामुळे तो काळ फक्त सुखवस्तू घरांचा होता, हे मला मान्य नाही. मात्र तो सर्वांसाठी सारखा रम्य होता असेही कोणी समजू नये. काही दुकानांत माप घेताना टेपदेखील अंगापासून दूर धरला जाई, हेही वडिलांनीच सांगितले आहे.

पंचवटी_कारंजा

सर्व पुरुष मंडळी शिंपी संपले म्हणून हळहळत आहेत, म्हणून एका स्त्रीने नोंद करणे आवश्यक वाटते. आमचे शिंपी संपलेले नाहीत. पंचवटीतील कोणत्याही गल्लीत जा, ब्लाऊज शिवणारी एखादी बाई सापडतेच, आणि लग्नसराईत ती नव्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणते. याचे कारण एवढेच की तयार ब्लाऊज बहुतेकींना बसत नाही आणि आम्ही ते 'चालवून' घेत नाही. पुरुषांनी चालवून घ्यायला सुरुवात केली. खांदा दोन इंच खाली आला तरी 'कम्फर्ट' म्हणायचे आणि लांब पँटची मोहरी आत दुमडून पिन लावायची. गिऱ्हाईक असे झाले, तर कोटाच्या कारागिराने कोणासाठी थांबायचे?

वायद्यांविषयीची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. त्यावर आम्ही काढलेला उपाय असा, की ज्या दिवशी कपडा लागणार त्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख सांगायची आणि कार्य अगदी तोंडावर आले आहे असा चेहरा करायचा.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काज_बटण यांनी निरोपातून पाठवलेल्या पत्त्यांपैकी एका ठिकाणी जाऊन आलो. टांगलेल्या कोटाला चिमटी लावून पाहण्याची परवानगी मागितली, तेव्हा मास्तर प्रथम माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच कोटाचे अस्तर उलटून आतले काम दाखवले. सातपूर_ब्लॉक यांनी सुचवलेला पर्यायही पाहिला. तो वाईट नाही, परंतु माझे मन आता या मास्तरांकडे वळले आहे. कापड गडद निळे, साधे, सव्वातीन मीटर घेणार आहे. अजून दोन शंका आहेत. पोट सुटलेल्या माणसाला डबल ब्रेस्ट कोट शोभतो का? आणि कापड नेमके केव्हा टाकावे?

काज_बटण

डबल ब्रेस्टमध्ये पोटावर कापडाचे दोन पदर येतात आणि तो सतत बंदच ठेवावा लागतो. स्वागताला तीन तास उभे राहायचे असेल, तर सिंगल ब्रेस्ट, दोन बटणांचा कोट घ्यावा आणि त्याचे खालचे बटण उघडे ठेवावे. मागे दोन्ही बाजूंना कट ठेवायला सांगा, म्हणजे हात खिशात घातला किंवा खुर्चीवर बसलात तरी मागचा भाग वर चढणार नाही. बाही अशी ठेवून घ्या की शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसेल. आपल्याकडचे शिंपी न सांगता बाही लांब ठेवतात, कारण आखूड झाली तर ग्राहक भांडतो आणि लांब झाली तर भांडत नाही.

कापड गणपती उठल्यावर लगेच टाका. पितृपक्षात नवे कपडे कोणी शिवायला टाकत नाही, त्यामुळे कोटाचा कारागीर त्या पंधरवड्यात रिकामा असतो आणि बेतायला, टाके घालायला त्याला हवा तेवढा वेळ मिळतो. आपल्या घरी पितृपक्ष पाळत असाल, तर माप आणि कापड आदल्या दिवशी देऊन मोकळे व्हा आणि ट्रायल घटस्थापनेनंतर ठेवा. एकदा दिवाळीची गर्दी सुरू झाली की त्याच कारागिराकडून तेच काम निम्म्या वेळात होते आणि ते कोटावर दिसते. ट्रायलला जाताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा. चपला घालून पँटची उंची ठरवू नका.